विसाव्याचा खर्च कोणी करायचा?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस आता अनुदानं आणि अंदाजपत्रकं यांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण न्यायाचे बरेचसे प्रश्न फिरून फिरून जमाखर्चाच्या वहीपाशी येऊन थांबतात, आणि आजचा प्रश्न तर तिथूनच सुरू होतो.

प्रश्न असा. एका घरात स्वमग्न मूल आहे, किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं, किंवा बौद्धिक दिव्यांग. समजा, मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला भरवावं लागतं, आंघोळ घालावी लागते, रात्री दोनदा उठून पाहावं लागतं. तो रस्त्यावर धावत सुटेल म्हणून दाराला आतून कडी असते. हे सगळं बहुतेक वेळा आई करते. चौदा वर्षं ती करते आहे आणि आणखी तीस वर्षं करणार आहे. तिला ताप आला तर काय? तिच्या भावाचं लग्न असलं तर? किंवा काहीच कारण नाही, नुसतं चार तास झोपायचं आहे, तर? त्या चार तासांसाठी दुसरं कोणीतरी शिकलेलं, विश्वासाचं माणूस येऊन मुलाला सांभाळेल, किंवा मूल दोन दिवस एखाद्या चांगल्या ठिकाणी राहून येईल, या व्यवस्थेला ‘रेस्पाइट केअर’ म्हणतात. आपण ‘विसावा सेवा’ म्हणू. आणि या सेवेचे पैसे कोणी द्यायचे, हा आजचा विषय.

शब्दावरून एक गंमत सांगतो, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. इंग्रजीतला ‘रेस्पाइट’ आणि ‘रिस्पेक्ट’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत. मागे वळून पाहणं, दखल घेणं, असा त्या मुळाचा अर्थ. म्हणजे विसावा आणि आदर ही सख्खी भावंडं. आपल्याकडे शब्द वेगळा असला तरी कल्पना जुनी आहे, आणि तिचं नाव माहेरपण. सासरी राबणाऱ्या बाईला वर्षातून काही दिवस कोणी काही काम सांगायचं नाही, ती उशिरा उठली तरी चालेल, तिच्या आवडीचं करून वाढायचं, हा आपल्या समाजाने मान्य केलेला हक्क होता. त्याचा खर्च माहेर करत असे आणि तो उपकार म्हणून केला जात नसे. भाऊ न्यायला आला नाही तर गाव त्याला नाव ठेवत असे. मी माहेरपणाचं गोडगोड चित्र रंगवत नाही. वर्षभर सासरी जे चाले त्याचा तो अपुरा उतारा होता, हेही खरं. पण अविरत राबणाऱ्या माणसाला विश्रांती देणं ही इतर कोणाची तरी जबाबदारी आहे, एवढं तत्त्व त्यात होतं.

आता गोम अशी, की ज्या आईबद्दल आपण बोलतोय तिचं माहेरपणच आधी बंद होतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी मला हे सांगितलं, तेव्हा मला ते नीट कळलं. त्या म्हणाल्या, ‘माहेरचे वाईट नाहीत हो. पण हा तिथे गेला की टीव्ही पाडतो, रात्रभर ओरडतो, शेजारी बोलतात. पहिली दोन वर्षं बोलावलं, मग फोनवरच चौकशी.’ त्या अगदी सहज बोलत होत्या, पावसाबद्दल बोलावं तशा.

मुलांच्या शाळेचं पाहा. विशेष शाळा ही नकळत विसावा सेवाच असते, कारण ते पाच-सहा तास आईला मोकळे मिळतात. पण मे महिन्याची सुट्टी लागली की सर्वांच्या घरी आनंद आणि या घरी दुप्पट काम. आणि अनुदानित विशेष शाळा मुलगा अठरा वर्षांचा झाला की संपते. मुलगा तेव्हा आईपेक्षा उंच आणि जड झालेला असतो, आई पन्नाशीला आलेली असते, आणि नेमकी तेव्हा मदत थांबते.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यातले १५ लाख बौद्धिक दिव्यांग या रकान्यात होते. स्वमग्नतेला तर रकानाच नव्हता. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी १३४ मिनिटं घालवतात आणि पुरुष ७६ मिनिटं. हा सर्व घरांचा सरासरी आकडा आहे. आपण ज्या घराबद्दल बोलतोय तिथे मिनिटं मोजण्यात अर्थ नाही. तिथे कामावरून सुटण्याची वेळच नसते.

मग कायदा काय म्हणतो? इथे जरा थांबतो, कारण आपल्या देशात या विषयावर कायद्यांची वाण नाही. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठीचा हा कायदा. (त्याच्या नावात अजून ‘मेंटल रिटार्डेशन’ हे जुने शब्द आहेत. आपणही कालपरवापर्यंत ‘मतिमंद’ म्हणतच होतो.) या न्यासाला केंद्र सरकारने एकदाच १०० कोटी रुपयांचा निधी द्यावा, असं कायद्यातच लिहिलं आहे. आणि न्यासाने कोणते कार्यक्रम हाती घ्यावेत त्या यादीत विसावा सेवा स्पष्ट शब्दांत आहे, दिवसभराच्या सांभाळाच्या आणि पालक-कुटुंबात ठेवण्याच्या सेवेच्या जोडीने. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या संसदेला ही गरज दिसली होती, हे मला मोठं वाटतं.

त्यानंतर २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याचं अठ्ठाविसावं कलम म्हणतं, की गरिबीत राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तींना आणि त्यांच्या कुटुंबांना दिव्यांगत्वामुळे येणाऱ्या खर्चासाठी सरकारची मदत मिळाली पाहिजे. त्या मदतीत प्रशिक्षण, समुपदेशन, पैसे आणि विसावा सेवा या सगळ्यांचा नावाने उल्लेख आहे. मग २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे: मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी कोणीही व्यक्ती, आईवडील आणि घरचे लोकसुद्धा. म्हणजे कायद्याला आई दिसली. आणि चोविसाव्या कलमात, ज्यांना खूप आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे.

पण त्याच कलमाच्या तोंडाशी एक छोटा वाक्यांश बसला आहे: सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत योजना कराव्यात. वकील मंडळी हसतील, पण आमच्या तर्कशास्त्रात अशा वाक्यांशाला फार मान आहे, कारण तो एकटा सगळं वाक्य गिळू शकतो. त्याच कलमात असंही आहे, की दिव्यांगांना मिळणारी मदत ही इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. छान आहे. पण जिथे इतरांसाठी तशी योजनाच नाही, तिथे काय? शून्याची सव्वापट शून्यच.

आता प्रत्यक्ष पैसे कुठे कुठे आहेत ते पाहू. केंद्राची दिव्यांग पेन्शन महिना ३०० रुपये. तीही दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या आणि अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला, म्हणजे मुलाला नाहीच. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिना १५०० रुपये मिळत होते, ते दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये २५०० करण्याचा निर्णय झाला. चांगलं झालं. पण हा पैसा तांदूळ, डायपर आणि औषधं यांत जातो. त्यातून विसावा विकत घ्यायला काही उरत नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा देते, तिचा उपयोग दवाखान्याला. नोकरदार बापाला प्राप्तिकरात ८०-डीडीखाली ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट अनेक वर्षं मिळत आली. नवी करप्रणाली निवडली तर ती नाही. आणि ज्याला करच लागू नाही, त्याला वजावट कशातून करणार? केरळने मात्र ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना काढून अंथरुणाला खिळलेल्यांची आणि तीव्र बौद्धिक दिव्यांगांची घरी काळजी घेणाऱ्यांना महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम लहान आहे. पण तिच्यावर नाव काळजी घेणाऱ्या माणसाचं आहे, म्हणून मी तिचा उल्लेख करतो.

आणि एक योजना अशी आहे, की तिच्याकडे कोणी विसाव्याचा निधी म्हणून पाहतच नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण नोकरीत ७३० दिवस रजा मिळते. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अटही नाही. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं हे स्त्रियांना नोकरीत समान सहभाग देण्याच्या घटनात्मक कर्तव्याशी विसंगत आहे. मला हा निकाल फार आवडला. पण मंडळी, हे तत्त्व एकदा मान्य केलं, की ते सरकारी कचेरीच्या दारात थांबवायचं कसं? प्राध्यापिकेला दोन वर्षं पगारी सवड आणि तिच्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईला, तसंच मूल पदरात असताना, एक तासही नाही. दोघींचं मूल सारखं, थकवा सारखा. फरक फक्त मालक कोण एवढाच. राज्य स्वतःच्या नोकरासाठी जे योग्य मानतं, ते आपल्या नागरिकासाठीही योग्य मानायला हवं. आजच्या व्याख्यानातला माझा मुख्य मुद्दा, म्हणाल तर, एवढाच आहे.

(श्रोत्यांमधून एक प्रश्न: सर, पण मूल शेवटी आईवडिलांचं ना? त्यांनीच करायला नको का? समाजाने पैसे कशाला द्यायचे?)

छान. हा प्रश्न यायलाच हवा होता. बहुतेक लोक तो मनात ठेवतात, तुम्ही विचारलात.

जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा ग्रंथ १९७१ साली आला. आम्ही तो पिढ्यान् पिढ्या शिकवला. त्यात समाजाची कल्पना अशी आहे, की सारे नागरिक स्वतंत्र, समान आणि आयुष्यभर एकमेकांशी सहकार्य करणारे. त्या सहकार्याचा फायदा न्याय्य रीतीने कसा वाटायचा, हा प्रश्न. ईव्हा फेडर किटे या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी त्यावर बोट ठेवलं. त्यांची मुलगी जन्मापासून अतितीव्र बौद्धिक दिव्यांग. त्यांनी विचारलं, की तुमच्या या चित्रात माझी मुलगी कुठे आहे? आणि तिला सांभाळणारी मी कुठे आहे? मुलगी सहकार्याच्या करारात बसत नाही, कारण ती काही परत देऊ शकत नाही असं तुम्ही म्हणता. आणि मी बसते, पण माझे हात बांधलेले आहेत. माझ्या गरजेआधी तिची गरज येते, म्हणून बरोबरीच्या स्पर्धेत मी नेहमी मागे. त्यांचं ‘लव्ह्ज लेबर’ हे पुस्तक १९९९ साली आलं. आपला न्यास कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग.

किटे बाईंचं उत्तर बाळंतिणीच्या उदाहरणावरून येतं. बाळंतीण बाळाला सांभाळते. मग बाळंतिणीला कोण सांभाळतं? त्यांच्याकडे त्या मदतनीस बाईला ‘डूला’ म्हणतात. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई असतेच, आणि तिचे पैसे कोणी द्यायचे हेही ठरलेलं असतं. ती बाई बाळाची आई होत नाही. ती आईला आई राहता यावं म्हणून येते. किटे म्हणतात, की हे तत्त्व घराबाहेर न्या. आपण प्रत्येकजण कधीतरी कोणाच्या तरी हातांवर वाढलेले आहोत. ते हात टिकावेत याची सोय करणं हे सार्वजनिक कर्तव्य आहे. तुम्ही म्हणता ना, मूल आईवडिलांचं? असू दे. जबाबदारी त्यांची आहेच, ती कोणी काढून घेत नाही. प्रश्न एवढाच, की एका माणसाच्या ताकदीबाहेरचं काम असेल, तर तेवढं ओझं एकाच घरावर का?

शिवाय हे आपण आधीच मान्य केलेलं आहे. नोकरी करणाऱ्या आईचं मूल दिवसभर कुठे राहील याची काळजी सरकारला वाटते. पाळणाघरांना केंद्राचं अनुदान आहे, सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी. २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे. मूल सांभाळणं हे सार्वजनिक खर्चाचं काम आहे, हे तत्त्व मंजूर झालं. त्याला सहा वर्षांची सीमा कोणी घातली? सर्वसाधारण मुलांसाठी ती ठीक आहे. काही मुलांची सहा वर्षं साठ वर्षं टिकतात.

आता दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप. तो मला अधिक गंभीर वाटतो, आणि तो दिव्यांगांच्या चळवळीतूनच येतो. ते म्हणतात, की ‘विसावा’ म्हणजे कोणापासून विसावा? माझ्यापासूनच ना? म्हणजे मी ओझं? हे ऐकून गप्प बसावं लागतं. पण नीट पाहिलं तर थकवा मुलापासून येत नाही, तो एकटेपणातून येतो. तेच मूल चार माणसांत वाटून वाढलं तर कोणी थकत नाही. जुन्या वाड्यात असं एखादं मूल असे, ते कधी आत्याच्या खोलीत, कधी समोरच्या काकूंच्या ओट्यावर. म्हणून विसावा सेवा चांगली की वाईट याची परीक्षा मुलाच्या बाजूने घ्यायची. आई झोपली तेवढा वेळ मुलाला नुसतं कोंडून ठेवलं, की त्याला एक नवा माणूस, नवा खेळ, नवी ओळख मिळाली? पहिलं असेल तर त्यावर एक पैसाही खर्चू नये.

मग योजना का फसतात? राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ योजना पाहा. ती विसावा सेवेची म्हणूनच ओळखली गेली. पण तिच्या लाभार्थ्यांत कोण? अनाथ, सोडून दिलेली मुलं, संकटात सापडलेली कुटुंबं, गरीब घरांतली मुलं. सगळ्यांची गरज खरी आहे. पण त्या दोन निरनिराळ्या गरजा आहेत. ज्याला कोणी नाही त्याला कायमचं घर हवं. ज्याला आई आहे त्याला चार दिवसांची जागा हवी. एकाच निवासगृहात दोन्ही घातल्या, की कायमचा रहिवासी खाट भरून टाकतो, आणि भरलेली खाट विसाव्याला उपयोगी पडत नाही. पुढे ‘समर्थ’ ही ‘घरौंदा’ या आयुष्यभराच्या निवाऱ्याच्या योजनेशी जोडून टाकली गेली. त्यामागे कारभाराची सोय असेल, पण त्यात विसाव्याचं वेगळं अस्तित्व पुसट झालं.

इथे पैशाचं एक साधं गणित आहे आणि ते अनुदान ठरवणाऱ्यांना पचत नाही. विसावा सेवेत खाट कधीकधी रिकामी राहणं आवश्यक आहे. अग्निशमन दलाचा बंब उभाच आहे म्हणून आपण त्याचे पैसे कापतो का? पण आपलं अनुदान डोक्यांवर मिळतं. जेवढी मुलं हजर, तेवढे पैसे. मग संस्थाचालक काय करील? तो खाट भरील, आणि एकदा भरली की रिकामी करणार नाही. दोष त्याचा नाही, अनुदानाच्या पद्धतीचा आहे. जागा तयार ठेवण्याचे पैसे वेगळे आणि माणूस आल्यावरचे वेगळे, असे दोन भाग केल्याशिवाय हे सुटणार नाही.

खरं तर बहुतेक घरांना खाट लागतच नाही. त्यांना घरी येणारं माणूस लागतं. आपण एक हिशेब करू. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा शिकलेल्या मदतनीसाला तासाला १०० रुपये दिले. एका घराला आठवड्याला सहा तास, वर्षाचे पन्नास आठवडे. म्हणजे ३०० तास, ३० हजार रुपये. आता तेच मूल आई कोलमडल्यामुळे निवासी संस्थेत गेलं आणि तिथला खर्च महिना १२ हजार धरला, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार. एका निवासी जागेच्या पैशांत जवळजवळ पाच घरांना वर्षभर विसावा. विसावा दिला म्हणजे प्रत्येक मूल घरीच राहील असं मी म्हणत नाही. पण पाचांतलं एक राहिलं तरी हिशेब जवळजवळ जुळतो, आणि बाकी चार घरांतल्या आयांची झोप वर मिळते.

परदेशांत हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. जर्मनीत १९९५ पासून देखभाल विमा आहे. पगारातून हप्ता जातो, आणि घरची काळजी घेणारी व्यक्ती आजारी पडली किंवा सुट्टीवर गेली तर बदली माणसाचे पैसे विमा देतो. जुलै २०२५ पासून बदली देखभाल आणि अल्पकाळची निवासी देखभाल यांसाठी मिळून वर्षाला ३,५३९ युरो अशी एकत्र मर्यादा आहे. कुटुंबाने ठरवायचं कुठे वापरायचे. इंग्लंडची वाट वेगळी. तिथे कर गोळा झाला की स्थानिक काउन्सिलने सेवा द्यायची. २०११च्या नियमांत एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. तिथे काउन्सिलने दोन प्रकारच्या पालकांचा विचार करायचा आहे. एक, ज्यांना विसावा मिळाला नाही तर ते काळजी घेऊच शकणार नाहीत. आणि दुसरे, जे कशीबशी घेत राहतील, पण विसावा मिळाला तर अधिक चांगली घेतील. त्यांना शिकता यावं, व्यायाम करता यावा, दुसऱ्या मुलाकडे पाहता यावं, म्हणूनसुद्धा. म्हणजे कोसळण्याची वाट पाहायची नाही. अर्थात पुढे काटकसरीच्या काळात अनेक काउन्सिलांनी याच सेवांना कात्री लावली. नियम होता म्हणून निदान पालक कोर्टात जाऊन भांडू शकले.

आपल्याकडे देखभाल विमा उद्या येणार नाही. पण महाराष्ट्रात एक पैसा आज आहे, आणि तो तुमच्या गावात आहे. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. आधी तो ३ टक्के होता. मी पाहिलेल्या काही गावांत हा निधी मार्च महिन्यात घाईघाईने वाटला जातो, प्रत्येकाला थोडे थोडे रुपये, किंवा मग एखादी वस्तू. वीस लाख उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीत ५ टक्के म्हणजे एक लाख, मघाच्या हिशेबाने तीन घरांचा विसावा. पण दहा कोटी उत्पन्नाच्या नगरपालिकेत ते ५० लाख होतात. त्यातला पाचवा भाग बाजूला काढला तरी तेहतीस घरं. पाचवाच म्हणतोय, सगळा नाही. अंध माणसाचा, पाय नसलेल्याचा त्या निधीवर तेवढाच हक्क आहे, आणि एका गरजेने दुसऱ्या गरजेचं ताट ओढायचं नाही.

माणसं कुठून आणायची, असं तुम्ही विचाराल. राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ नावाची काळजीवाहक प्रशिक्षणाची योजना आहे. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या मदतनीस आहेत, स्वतः अशी मुलं वाढवलेल्या बायका आहेत. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच अमेय पालक संघटनेतून ‘घरकुल’ उभं केलं. पालकांना यातलं किती कळतं, ते तिथे दिसतं. फक्त पालकांनी उभं केलं म्हणून सरकार सुटलं, असा अर्थ त्यातून काढू नये.

पैशापेक्षा मोठी अडचण विश्वासाची आहे. कुठलीही आई अनोळखी माणसावर मूल सोपवून झोपू शकत नाही, आणि मुलगी असेल तर नाहीच. म्हणून पहिले चार-पाच वेळा आई घरात असतानाच मदतनीसाने यावं. पोलिसांकडून पडताळणी झालेली असावी, शक्यतो तीच व्यक्ती दर वेळी यावी. आणि मुलाची एक वही असावी. त्याला फिट येते का, आली तर कोणतं औषध, भरवताना मान कशी धरायची म्हणजे ठसका लागणार नाही, कुठल्या आवाजाला तो घाबरतो, कशाने शांत होतो. ही वही आईकडून लिहून घ्यायला एक दुपार लागते. त्या दुपारचेही पैसे मदतनीसाला द्यायचे. प्रशिक्षणाचा वेळ फुकट धरला, की चांगली माणसं टिकत नाहीत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ५ टक्के निधीचा खर्च ग्रामसभेत मांडता येतो, आणि आपल्याकडे ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं बोलणं निघतं, म्हणून तेव्हा मांडलेलं बरं. अर्जात ‘विसावा सेवा, मदतनीसांचं मानधन’ असं वेगळं शीर्ष मागा. नुसतं ‘दिव्यांग कल्याण’ लिहिलंत तर मार्चमध्ये त्याच्या पुन्हा वस्तू होतील. पण ग्रामसभेला येतं कोण? काठी टेकत, तीनचाकी सायकलवर दिव्यांग बंधू येतात, आपलं म्हणणं मांडतात, आणि ते योग्यच आहे. या मुलांची आई येत नाही, कारण तिच्यामागे घरी कोणी थांबत नाही. तेव्हा तुमच्यापैकी जे कोणी हे मांडणार असाल, त्यांनी सभेच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन विचारा, की उद्या दहा ते एक मुलाजवळ कोण बसलेलं तुम्हाला चालेल.